कारगिलचं भाडं आलंय – ट्रकला १५डब्ल्यू-४० पुरेल की ५डब्ल्यू-४० टाकू?

कळंबोली_दहाचाकी | १४ ऑक्टोबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

माझ्या दोन दहा चाकी गाड्या आहेत, एक बीएस-४ आणि एक बीएस-६ (धुराच्या जुन्या आणि नव्या नियमांची). कळंबोलीच्या लोखंड बाजारातून भरतो. एरवी इंदूर, नागपूर, फार तर लुधियाना. गेल्या जानेवारीत पहिल्यांदा काश्मीरचं भाडं घेतलं. जाताना माल श्रीनगरला, येताना लासीपोऱ्याच्या कोल्ड स्टोअरमधून सफरचंद भरून वाशी मार्केटला.

येताना काझीगुंडला रस्ता बंद म्हणून बीएस-४ गाडी रात्रभर उभी राहिली. बाहेर उणे नऊ. सकाळी सेल्फ मारला तर दोनदा घर्र घर्र झालं आणि गप्प. ड्रायव्हरने तासभर सेल्फ मारून बॅटरी पार उतरवली. मग दुसऱ्या ट्रकला टोचन लावून गाडी ओढली. चालू झाल्याबरोबर लवकर गरम व्हावी म्हणून त्याने रेस दिली. उधमपूरच्या अलीकडे टर्बोने (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) शिट्टी धरली, मागून निळा धूर. टर्बो गेला. टर्बोचा खर्च, चार दिवस गाडी उभी, सफरचंद उशिरा पोचली म्हणून कापलेले पैसे, सगळं धरून त्या फेरीने दोन महिन्यांचा हप्ता खाल्ला.

चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, २०डब्ल्यू-४० होतं. "सगळे हेच टाकतात" म्हणून एका दुकानदाराने दिलेलं.

आता नोव्हेंबरअखेर कारगिलचं भाडं आलंय, दोन्ही गाड्यांना. म्हणजे झोजिला खिंड ओलांडून द्रास. या वेळी मला विचारून, समजून ऑइल टाकायचंय. १५डब्ल्यू-४० पुरेल? की ५डब्ल्यू-४० घ्यावं? आणि पातळ ऑइल टाकून गाडी परत आपल्या उन्हात आली की इंजिनाचं काय होणार?

---

नियमाप्रमाणे | १४ ऑक्टोबर, रात्री ११:०५

गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते टाका. विषय संपला.

---

कळंबोली_दहाचाकी | १४ ऑक्टोबर, रात्री ११:२०

@नियमाप्रमाणे, पुस्तक समोर घेऊनच बसलोय. बीएस-६ ला १५डब्ल्यू-४०, सीके-४ (डिझेल इंजिनाच्या ऑइलचा दर्जा) लिहिलंय. पण खाली तापमानाचा तक्ताही आहे, त्यात १५डब्ल्यू, १०डब्ल्यू, ५डब्ल्यू असे पट्टे काढलेत. तो तक्ता नीट वाचता यावा म्हणूनच धागा काढला.

---

तुर्भ्याचा_मिस्त्री | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

दादा, आधी मला एक सांग. काझीगुंडला गाडी बंद पडली तेव्हा ते ऑइल किती किलोमीटर चाललेलं होतं? बॅटरी किती वर्षांची होती?

---

कळंबोली_दहाचाकी | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

ऑइल बदलायची वेळ होऊन सहा-सात हजार किलोमीटर उलटले होते. फेरी करून आलो की बदलू म्हटलं. बॅटऱ्या तीन वर्षांच्या.

---

तुर्भ्याचा_मिस्त्री | १५ ऑक्टोबर, दुपारी १:३०

मग ऐक. सगळा दोष २०डब्ल्यू वर टाकू नकोस.

२०डब्ल्यू ऑइल नवीन असताना उणे १५ ला इंजिन फिरू देतं, अशी त्याची चाचणी असते. तुझ्याकडे होतं उणे नऊ. म्हणजे कागदावर गाडी चालू व्हायला हवी होती. पण ही चाचणी डब्यातल्या नव्या ऑइलची. डिझेल इंजिनात काजळी ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल घट्ट होत जातं. वेळ उलटलेलं ऑइल थंडीत डब्यावरच्या आकड्यासारखं वागत नाही. तू म्हणतोस चेंबरमध्ये २०डब्ल्यू होतं. मी म्हणतो, त्या सकाळी ते २०डब्ल्यू राहिलेलंच नव्हतं.

वर बॅटरी. थंडीत तिची ताकद घटते आणि नेमकं तेव्हाच इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. दोन्हीकडून मार.

आता टर्बो. त्याची दांडी मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेते आणि ती फिरते ऑइलच्या पातळ थरावर. धातूला धातू लागत नाही म्हणून टिकते. थंड, घट्ट ऑइल जाळीतून पंपात, तिथून फिल्टर, गॅलरी आणि मग टर्बोपर्यंत पोचायला वेळ घेतं. तुझ्या ड्रायव्हरने त्या मधल्या वेळात रेस दिली. दांडी कोरडी फिरली. शंभर-सव्वाशे किलोमीटर पुढे शिट्टी वाजली, पण टर्बो काझीगुंडलाच मेला होता.

गेल्या वर्षी असाच एक टर्बो मी उघडला होता. दांडी हातात घेतली तर बुशच्या जागी निळी-काळी पट्टी आणि नखाला लागतील अशा रेघा. बाकी सगळा टर्बो नव्यासारखा, पंख्याला ओरखडा नाही. मालक म्हणाला, माल खराब निघाला. मी म्हटलं, मालाला दोष देऊ नका, ही तहानेने गेलेली आहे.

---

सुमनताई_नौपाडा | १५ ऑक्टोबर, संध्या. ५:१०

मी ट्रकवाली नाही, शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. पण आकड्यांबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो म्हणून लिहिते.

१५डब्ल्यू-४० मधला 'डब्ल्यू' वजनाचा नाही, विंटरचा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरच्या घट्टपणाचा. दोन आकडे, दोन वेगळ्या परीक्षा. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेचं जे-३०० नावाचं मानक आहे, त्यात प्रत्येक डब्ल्यूला दोन तापमानं ठरलेली आहेत. एकाला इंजिन फिरलं पाहिजे, आणि त्याहून ५ अंश खाली ऑइल पंपाने खेचता आलं पाहिजे. २०डब्ल्यू ला उणे १५ आणि उणे २०. १५डब्ल्यू ला उणे २० आणि उणे २५. १०डब्ल्यू ला उणे २५ आणि उणे ३०. ५डब्ल्यू ला उणे ३० आणि उणे ३५.

पंपाची मर्यादा मुद्दाम खाली ठेवलेली आहे. इंजिन फिरलं पण ऑइल वर चढलंच नाही, हा प्रकार सगळ्यात घातक. त्यापेक्षा इंजिन फिरलंच नाही तर निदान वाचतं.

आता मागचा ४०. म्हणजे १०० अंशांना ऑइलची श्यानता, म्हणजे घट्टपणा, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मधे. १५डब्ल्यू-४० असो वा ५डब्ल्यू-४०, दोघांनाही याच पट्ट्यात बसावं लागतं. तेव्हा "५डब्ल्यू पातळ असतं, उन्हाळ्यात पाणी होईल" ही भीती नको. तापलेल्या इंजिनात दोघं सख्खे भाऊ.

घरातलं उदाहरण देते. डिसेंबरात आपली खोबरेलाची बाटली थिजते ना? ठाण्यात २२-२३ अंश झाले की खोबरेल पांढरं दगड. शेजारची तिळाच्या तेलाची बाटली मात्र वाहती. मेमध्ये दोन्ही बाटल्या सारख्याच ओतल्या जातात. १५डब्ल्यू आणि ५डब्ल्यू मध्ये फरक आहे तो असा, फक्त शून्याच्या खाली.

---

येऊरचा_वाघोबा | १५ ऑक्टोबर, संध्या. ५:४०

सुमनताई, आमच्याकडे ठाण्यात पारा १७ वर आला की अख्खी सोसायटी कानटोपी घालून तलावपाळीला फिरायला येते. आमच्या इंजिनांना कुठलं ऑइल? 😄

---

सुमनताई_नौपाडा | १५ ऑक्टोबर, संध्या. ६:०२

तुम्हाला आल्याचा चहा. कुठल्याही तापमानाला वाहतो.

---

घोडबंदर_काका | १५ ऑक्टोबर, रात्री ९:३०

मी ३४ वर्षं ट्रक चालवला. जम्मू-श्रीनगर तर बोगदे व्हायच्या आधीपासून, पटनीटॉपवरून चढून जायचो. तेव्हा हे ५डब्ल्यू-१०डब्ल्यू काही नव्हतं. एकच ऑइल, बारा महिने. रात्री गाडी उतारावर लावायची, म्हणजे सकाळी ढकलस्टार्ट. पहाटे चेंबरखाली निखाऱ्याची पाटी ठेवायची, वीस मिनिटांत गाडी चालू. एकही इंजिन बसलं नाही. तुम्ही आकडेमोड करताय, पण गाडी ड्रायव्हरच्या अकलेवर चालते.

---

तुर्भ्याचा_मिस्त्री | १५ ऑक्टोबर, रात्री १०:१५

काका, तुमच्या अनुभवापुढे हात जोडतो. उतारावर गाडी लावण्याची अक्कल आजही सोन्यासारखी आहे. पण पाटीच्या बाबतीत ऐका.

तुमच्या गाडीला खाली लोखंडी चेंबर, चार वायरी आणि डिझेलचे पत्र्याचे पाइप. आजच्या बीएस-६ ला चेंबरच्या आजूबाजूला सेन्सर, वायरिंगचा जुडगा, प्लास्टिकच्या नळ्या, धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाची लाईन. काही गाड्यांना चेंबरच प्लास्टिकचा. निखारे ठेवले तर ऑइल तापायच्या आधी वायरिंग वितळेल. आणि खाली ऑइलचा थेंब गळत असेल तर गाडीच जाईल. तळाला लागलेलं ऑइल करपतं ते वेगळंच, वरचं मात्र तसंच थंड राहतं.

---

घोडबंदर_काका | १५ ऑक्टोबर, रात्री १०:४०

पटलं. प्लास्टिकच्या चेंबरचं मला माहीत नव्हतं. पण बीएस-४ ला चालेल की.

---

रेश्मा_कळवा | १५ ऑक्टोबर, रात्री ११:२५

शेगडीचा विषय निघालाय म्हणून लिहिते, ऑइलशी संबंध नसला तरी.

माझे मिस्टर लाईनवर असतात. तीन वर्षांपूर्वी त्यांच्याबरोबरच्या गाडीतले ड्रायव्हर आणि क्लीनर थंडीत केबिनमध्ये कोळशाची शेगडी घेऊन, काचा लावून झोपले. सकाळी शेजारच्याने दार वाजवलं तर उघडेनात. काच फोडून बाहेर काढलं. क्लीनर वाचला, ड्रायव्हर नाही. त्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, धूर दिसत नाही, माणूस झोपेतच जातो. इंजिन चालू ठेवून केबिन बंद करून झोपलं आणि सायलेन्सर कुठे फुटका असला तरी तेच.

दादा, ऑइल कुठलंही टाका. पण दोन्ही ड्रायव्हरांना चांगल्या रजया आणि झोपायच्या पिशव्या घेऊन द्या, आणि शेगडी केबिनमध्ये न्यायची नाही हे त्यांच्या घरच्यांसमोर सांगा. ते घरच्यांचं ऐकतात.

---

कळंबोली_दहाचाकी | १६ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

ताई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. रजया आजच बघतो.

---

एडमंटनचा_ठाणेकर | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

मूळचा चरईचा, आता कॅनडात आठ वर्षं डिझेल गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. इथे जानेवारीत उणे ३० च्या रात्री नवलाच्या नाहीत, त्यामुळे हा विषय आमच्या रोजच्या भाकरीचा.

इथे हिवाळ्यात ५डब्ल्यू-४० किंवा ०डब्ल्यू-४० सर्रास चालतं. पण एकट्या ऑइलवर कुणी विसंबत नाही. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये विजेचा हीटर असतो, त्याची वायर पुढच्या जाळीतून बाहेर लोंबत असते आणि पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीपुढे प्लग. निघायच्या तीन-चार तास आधी हीटर चालू करायचा. रेडिएटरपुढे कापडी पडदाही लावतात, चालत्या इंजिनाला वारा लागून ते थंड राहू नये म्हणून.

कारगिलला पार्किंगमध्ये प्लग मिळणार नाही, म्हणून तुमच्याकडे ऑइलच्या पहिल्या आकड्याला इथल्यापेक्षा जास्त महत्त्व. द्रासला नोव्हेंबरअखेर रात्री उणे १५ सहज होतं आणि थंडीची लाट आली तर खालीही जातं. १५डब्ल्यू ची मर्यादा उणे २०. नव्या ऑइलला, चांगल्या बॅटरीवर. म्हणजे पाचच अंश हातात. मी तेवढ्या भरवशावर गाडी पाठवणार नाही.

माझं मत: श्रीनगरपर्यंतच जायचं असेल तर नवं टाकलेलं १५डब्ल्यू-४० पुरतं. झोजिला ओलांडायचा असेल तर ५डब्ल्यू-४०. गाडी दिवसा कुठे धावते हे बघू नका, रात्री कुठे उभी राहणार ते बघा. आणि डब्यावर सीके-४ बघूनच घ्या. एफए-४ लिहिलेलं ऑइल डिझेलचंच असलं तरी ते वेगळ्या, पातळ जातीचं, तुमच्या गाडीसाठी नाही.

---

भिवंडी_गोदाम | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:४५

मी सहा गाड्या चालवतो. जरा हिशोबाचं बोलू या. ५डब्ल्यू-४० सिंथेटिक, साध्या १५डब्ल्यू-४० च्या जवळपास दुप्पट भावात पडतं. दहा चाकीच्या चेंबरला १५ लिटरच्या आसपास लागतं. एका फेरीसाठी एवढं महाग ऑइल म्हणजे नाकापेक्षा मोती जड. १०डब्ल्यू-४० घ्या, उणे २५ पर्यंत चालतं, भावही मधला.

---

तुर्भ्याचा_मिस्त्री | १६ ऑक्टोबर, दुपारी २:००

भिवंडीवाल्या शेठ, १०डब्ल्यू-४० ला माझीही हरकत नाही. फक्त ट्रकच्या सीके-४ मध्ये ते आपल्या बाजारात सहज मिळत नाही. माझ्या दुकानाच्या आसपास दहा दुकानं फिरलो तर दोनच ठिकाणी दिसलं. कारच्या पेट्रोल इंजिनाचं १०डब्ल्यू-४० ट्रकमध्ये ओतू नका, ते वेगळं.

आणि एका फेरीसाठी कोण म्हणतं? सिंथेटिक टाकलं की ते पूर्ण किलोमीटर चालवायचं. एका टर्बोच्या पैशात दोन्ही गाड्यांची ऑइलं येऊन वर पैसे उरतील.

---

नियमाप्रमाणे | १६ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

बीएस-६ मध्ये सीके-४ च का, हेही सांगून ठेवतो. मागे डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. ऑइल जळून जी राख होते ती डीपीएफमध्ये अडकते आणि काजळीसारखी जळून जात नाही. सीके-४ मध्ये ही राख देणारे घटक १ टक्क्याच्या मर्यादेत ठेवलेले असतात. जुनं सीआय-४ टाकलं तर डीपीएफ लवकर भरेल. उलट सीके-४ बीएस-४ मध्ये बिनधास्त चालतं. तेव्हा दोन्ही गाड्यांना एकच ऑइल घ्या, डबे अदलाबदल व्हायची भीती नाही.

---

सुमनताई_नौपाडा | १७ ऑक्टोबर, रात्री ८:३०

काल मिस्त्रीभाऊंच्या ओळखीच्या दुकानातून दोन्ही ऑइलं पाव-पाव लिटर आणली. एकसारख्या काचेच्या बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवली. घरचा फ्रीजर साधारण उणे १८ असतो, म्हणजे द्रासची रात्र ठाण्यातच. चोवीस तासांनी नातवाला समोर बसवून दोन्ही बाटल्या एकदम आडव्या केल्या.

५डब्ल्यू-४० लगेच झुकलं, मधासारखं, पण न थांबता काचेच्या दुसऱ्या टोकाला गेलं. १५डब्ल्यू-४० आधी हललंच नाही. बाटली आडवी, आणि ऑइलचा पृष्ठभाग उभाच, जसा काही साच्यात घातलेला. मग एक जाड ओठ पुढे आला आणि घट्ट काकवीसारखा सरकायला लागला. नातू म्हणाला, "आजी, हे जेवून झोपलंय."

बाहेर ठेवल्यावर तासाभरात दोन्ही सारखी. कुठली कुठली हे चिठ्ठीशिवाय ओळखता आलं नसतं.

लक्षात घ्या, १५डब्ल्यू-४० मर्यादेच्या आतच होतं, तरी एवढं. मर्यादा म्हणजे 'जेमतेम फिरेल' एवढीच हमी.

---

येऊरचा_वाघोबा | १७ ऑक्टोबर, रात्री ८:५०

सुमनताई, बाटल्यांना ठळक चिठ्ठ्या लावा हो. दिवाळीच्या पाहुण्यांना गुलाबजामाचा पाक म्हणून वाढलं जायचं! 😄

---

घोडबंदर_काका | १७ ऑक्टोबर, रात्री ९:४०

सुमनताईंचं वाचून मी गप्प बसलो. आम्ही पाटी ठेवायचो म्हणजे तीच काकवी वितळवत होतो. आकडा माहीत नव्हता, दुखणं तेच होतं.

आता माझं एक ऐका. तुम्ही सगळे ऑइलवर अडलाय, पण थंडीत माझ्या गाड्या सगळ्यात जास्त बंद पडल्या त्या डिझेलने. इथून टाकी फुल्ल करून निघायचो, वर गेलं की डिझेलमध्ये मेण धरायचं. फिल्टर काढला की आत पांढरी साय. सेल्फ झकास फिरतो, इंजिन खोकतं आणि बंद.

---

नियमाप्रमाणे | १७ ऑक्टोबर, रात्री १०:१०

काकांचा मुद्दा अगदी खरा. भारतीय मानकात डिझेलचा पोअर पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापर्यंत ते वाहतं, तो हिवाळ्यासाठी जास्तीत जास्त ३ अंश आणि उन्हाळ्यासाठी १५ अंश असा ठरलेला आहे. आपल्याकडचं डिझेल घेऊन कोणी झोजिला चढू नये. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ पर्यंत वाहतं.

म्हणून इथून निघताना टाकी बेताची ठेवा. जम्मूला जवळपास रिकामी पोचू द्या, तिथलं भरा, आणि पुढे हिवाळी डिझेल मिळेल तिथे ते घ्या.

---

घोडबंदर_काका | १७ ऑक्टोबर, रात्री १०:२५

आम्ही रॉकेल मिसळायचो. दहाला एक.

---

तुर्भ्याचा_मिस्त्री | १७ ऑक्टोबर, रात्री १०:४५

काका, बीएस-६ मध्ये रॉकेल नको. त्यातलं गंधक मागच्या डीपीएफ आणि कॅटॅलिस्टचं वाटोळं करतं, आणि पंप-इंजेक्टरला डिझेलचं जे वंगण मिळतं तेही कमी होतं. इंजेक्टरचा सेट बदलायला लागला तर ट्रक विकावासा वाटेल.

आता विषय वाढलाच आहे तर ऑइलशिवाय काय बघायचं तेही सांगतो. कूलंट निम्मं-निम्मं भर, ते उणे ३५ च्या खाली जाईपर्यंत गोठत नाही. बीएस-४ मध्ये नुसतं पाणी टाकलेलं असेल तर आजच काढ, एका रात्रीत ब्लॉक तडकेल. बॅटरी भरलेली असेल तर उणे ५० लाही गोठत नाही, उतरलेली उणे १० च्या आसपासच गोठते. म्हणून तासभर सेल्फ मारणं बंद. दहा सेकंद मार, दोन मिनिटं थांब. युरिया उणे ११ ला गोठतो. टाकीत हीटर असतो, गोठला तरी इंजिन चालू होतं, घाबरू नको. फक्त टाकी काठोकाठ भरू नको, गोठताना तो फुगतो.

हवेच्या टाक्यांतलं पाणी रोज संध्याकाळी काढायला सांग. ते गोठलं की ब्रेकची लाईन अडते. इंजिन चालू झालं नाही तर नुकसान होतं, ब्रेक लागला नाही तर माणसं जातात.

आणि एक सगळे विसरतात, मागच्या एक्सलच्या हाउसिंगचं ऑइल. आपल्याकडे ८५डब्ल्यू-१४० असतं बऱ्याच गाड्यांना. त्यातल्या ८५डब्ल्यू ची मर्यादा उणे १२. इंजिन झकास चालू होईल आणि गाडी जागची हलताना कुरकुरेल. पुस्तकात ८०डब्ल्यू-९० ची परवानगी असेल तर ते टाक, त्याची मर्यादा उणे २६.

---

एडमंटनचा_ठाणेकर | १८ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

मिस्त्रीदादांनी सगळं सांगितलं. माझी एकच भर. चालू झाल्यावर रेस नाही. ऑइलचा दिवा विझेपर्यंत हात जोडून बसायचं, मग दोन-तीन मिनिटं आयडल, मग हळू गाडी हलवायची. उभ्या गाडीपेक्षा हळू चालणारी गाडी लवकर गरम होते. रात्रभर इंजिन चालू ठेवणं बीएस-६ ला वाईट, काजळीने डीपीएफ भरतो आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं.

---

कळंबोली_दहाचाकी | १८ ऑक्टोबर, रात्री ११:१५

मंडळी, ठरलं. दोन्ही गाड्यांना ५डब्ल्यू-४० सीके-४. नव्या बॅटऱ्या. बीएस-४ चं रेडिएटर उघडलं तर मिस्त्रींनी म्हटलं तेच निघालं, नुसतं गंजकं पाणी. आज धुऊन कूलंट भरलं. रजया आणि झोपायच्या पिशव्या घेतल्या. ड्रायव्हरांना घरच्यांसकट रविवारी जेवायला बोलावलंय, रेश्माताईंनी सांगितलं तसं.

---

कळंबोली_दहाचाकी | ११ डिसेंबर, रात्री ९:५०

धागा वर काढतोय. गाड्या परवा परत आल्या.

जाताना सोनमर्गला बर्फ पडला म्हणून दोन रात्री गेट बंद. नंतर द्रासच्या अलीकडे रस्त्यावरच एक रात्र काढावी लागली. बीएस-६ च्या डॅशबोर्डवर पहाटे उणे १६ होतं. ड्रायव्हरने मला व्हिडिओ कॉल लावून सेल्फ मारला. मी इथे कळंबोलीत चहाचा कप धरून उभा. पहिल्या सेल्फला जरा जड फिरली, दुसऱ्याला चालू. ऑइलचा दिवा विझायला इथल्यापेक्षा क्षणभर जास्त लागला. ड्रायव्हरने पाय वर उचलून मला दाखवला, "बघा शेठ, रेस देत नाहीये."

बीएस-४ तिसऱ्या सेल्फला चालू झाली, आधी पांढरा धूर, मग नीट. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या चार गाड्यांपैकी दोन दुपारपर्यंत हलल्या नाहीत. एका गाडीच्या फिल्टरमध्ये काकांनी सांगितलेली पांढरी साय निघाली. माझ्या ड्रायव्हरने आपल्या थर्मासमधलं गरम पाणी फडक्यावर ओतून त्यांचा फिल्टर शेकून दिला.

आता परत मूळ प्रश्नाचा उरलेला भाग. हे ऑइल आता इथे चालवू की काढू? पुढची फेरी फेब्रुवारीत फक्त श्रीनगरची आहे, मधे इंदूर-नागपूर.

---

भिवंडी_गोदाम | ११ डिसेंबर, रात्री १०:२०

अभिनंदन शेठ. दोन गाड्या दुपारपर्यंत उभ्या होत्या हे वाचून माझा नाकापेक्षा मोती जडवाला प्रतिसाद मी मागे घेतो.

---

तुर्भ्याचा_मिस्त्री | १२ डिसेंबर, सकाळी ७:२०

काढू नकोस. किलोमीटर पुरे होईपर्यंत चालव, नागपूरच्या उन्हातही. तापल्यावर ते ४० च आहे. फक्त ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी दर हजार किलोमीटरला बघ. बीएस-४ जुनी आहे, सिंथेटिकने एखादं सील पाझरायला लागेल, तेवढ्यावर नजर ठेव. फेब्रुवारीच्या आधी किलोमीटर भरत असतील तर निघण्याआधीच बदल, फेरी करून आल्यावर नको. पुढच्या खेपेला श्रीनगरच असेल तर १५डब्ल्यू-४० सीके-४ टाकू.

गुरुवारी दोन्ही गाड्या तुर्भ्याला घेऊन ये. खालून बघतो, चेंबरच्या बोल्टचे वॉशर काढून ठेवलेत.